साभार परत

महाराष्ट्रांतील सुशिक्षित घरांपैकीं अशीं घरें थोडीं असतील, कीं ज्यांच्या कपाटाच्या खालच्या कप्प्यांत, जुन्या दिवाळी अंकांच्या आड, कोणाची तरी एक कादंबरी दडून बसलेली नाहीं. ती काकांची असते, निवृत्त झालेल्या वडिलांची असते, पुष्कळदां सर्वांचें सर्व उरकल्यावर रात्रीं दहानंतर लिहीत बसलेल्या आईची असते. घरांतील मंडळी तिच्याविषयीं आदरानें बोलतात, क्वचित् थट्टाही करितात. वाचलेली मात्र ती फारशी कोणीं नसते. एके दिवशीं ती त्या कप्प्यांतून निघते आणि टपालानें, किंवा हल्लींच्या रीतीप्रमाणें ई-मेलनें, आमच्यासारख्याच्या टेबलावर येऊन पडते. कादंबऱ्यांचीं हस्तलिखितें वाचावयाचीं, त्यांतील कोणतीं छापावींत हें सुचवावयाचें, आणि छापावयाचीं ठरतील त्यांवर लेखकासह बसून काम करावयाचें, हा गेलीं कित्येक वर्षें आमचा व्यवसाय आहे.

आमच्याकडून जीं हस्तलिखितें ‘साभार परत’ जातात, तीं सर्व वाईट असतात अशी समजूत कोणीं करून घेऊं नये. बरींचशीं केवळ अपुरीं असतात. लेखकाला वाटतें कीं कादंबरी पुरी झाली. वस्तुतः पुरा झालेला असतो तो तिचा पहिला खर्डा. तीन-चार वर्षांचीं जागरणें, घरच्या माणसांनीं सोसलेली हेळसांड, आणि एका माणसाला आपल्या आयुष्याविषयीं जें कांहीं समजलें तें सर्व त्या खर्ड्यांत ओतलेलें असतें. आणि पुढचे सहा-आठ महिन्यांचे श्रम न झाल्यामुळें तें सर्व परत जातें. हें नुकसान पुष्कळ अंशीं टाळतां येण्याजोगें आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

खर्डा आणि कादंबरी यांत अंतर कां पडतें, तें आधीं पाहूं. लिहितांना लेखकाच्या डोळ्यांपुढें सर्व चित्र उभें असतें: वाड्याचा दरवाजा, आजीचा आवाज, नायिकेच्या मनांतील रुसवा. त्यांतील निम्मेंच कागदावर उतरतें. पण लगेच वाचावयास बसलें तर उरलेलें निम्में लेखकाचें मन पदरचें भरीत जातें. तो कागद वाचीत नसतो, स्वतःची आठवण वाचीत असतो. आणि ती आठवण वाचकाजवळ नसते. म्हणून आमची पहिली सूचना अशी, कीं शेवटचें पान लिहून झालें म्हणजे हस्तलिखित दोन-तीन महिने बांधून ठेवावें, व त्या काळांत दुसरें कांहीं वाचावें. आठवण थोडी विटली म्हणजे मग तें सोडावें. संगणकावर लिहिलें असेल तर कागदावर छापून घ्यावें. पडद्यावर डोळा घसरत जातो, कागदावर तो अडखळतो; आणि अडखळणें हेंच येथें हवें आहे.

हें वाचन हस्तलिखितावर एकही खूण न करितां करावें. जवळ एक वही मात्र असावी, आणि प्रत्येक प्रकरण संपल्यावर तींत एकच ओळ लिहावी: येथें काय घडलें, आणि त्यामुळें कोणाचें काय बदललें. काम सोपें दिसतें, करून पाहावें. तीस प्रकरणांच्या कादंबरींत सात-आठ प्रकरणें सहज अशीं निघतात, कीं ज्यांच्यापुढें लेखकास प्रामाणिकपणें कांहींच लिहितां येत नाहीं. तेथें सूर्योदय झालेला असतो, चहा झालेला असतो, मित्रांमध्यें देशस्थितीवर चर्चा झालेली असते. कोणाचें कांहीं बदललेलें नसतें. तीं प्रकरणें भाषेनें बहुधा सुंदर असतात, कारण सांगण्यासारखें कांहीं नसलें म्हणजे लेखक भाषेवर अधिक मेहनत घेतो.

आमच्या पाहण्यांतील बहुतेक होतकरू लेखक दुरुस्तीला बसतात ते नेमके उलट टोंकाकडून. ऱ्हस्वदीर्घ तपासतात, विशेषणें बदलतात, ‘म्हणाला’च्या ऐवजीं ‘उद्गारला’ घालतात. पण जी भिंत ठेवावयाची कीं पाडावयाची हें अजून ठरलें नाहीं, तिला रंग देऊन काय उपयोग? प्रथम संविधानक, मग प्रकरणें, मग एकेक प्रसंग, आणि अगदीं शेवटीं वाक्य, असा क्रम असावा. वाक्यें आधीं घासलीं तर आणखी एक अनर्थ होतो. इतक्या मेहनतीचें प्रकरण काढून टाकण्याचा धीर मग लेखकाला होत नाहीं.

मोठ्या लेखकांस तो धीर कसा होतो याचें एक उदाहरण देतों. जेन ऑस्टेन या इंग्रज लेखिकेनें ‘पर्सुएशन’ ही आपली अखेरची पुरी कादंबरी १८१६ च्या जुलै महिन्यांत लिहून संपविली. प्रकृति ढासळत चालली होती. पुढच्याच वर्षीं ती वारली. तरीही कादंबरीचा शेवट तिच्या मनास येईना. दुरावलेल्या नायक-नायिकेचा मेळ त्या शेवटांत जुळे तो एका तिसऱ्याच गृहस्थाच्या निरोपाच्या निमित्तानें. लेखिकेनें तो भाग काढून टाकिला आणि ऑगस्टच्या आरंभापर्यंत नवा लिहिला. नव्या लेखनांत नायिका नायकाच्या एका मित्राशीं स्त्रियांच्या निष्ठेविषयीं बोलत असते. जवळच लिहीत बसलेल्या नायकाच्या कानावर तें पडतें, आणि तो तेथल्या तेथें तिला पत्र लिहितो. निष्पत्ति तीच, पण पूर्वीं जें बाहेरच्या निमित्तानें होत होतें, तें आतां नायिकेच्या स्वतःच्या शब्दांनीं होतें. आठ वर्षें मुकाट राहिलेली ती स्त्री बोलते, आणि त्या बोलण्यानें तिचें दैव फिरतें. टाकलेलीं तीं प्रकरणें लेखिकेच्या हस्ताक्षरांत लंडनच्या ब्रिटिश लायब्ररींत जपून ठेविलीं आहेत. दोन्ही शेवट शेजारीं ठेवून वाचले, तर दुरुस्ती आणि शुद्धलेखन यांतील भेद होतकरू लेखकास कोणी शिकवावा लागणार नाहीं.

संविधानक तपासावयाचें म्हणजे मुख्यतः एकाच प्रश्नाचें उत्तर शोधावयाचें: ही गोष्ट कोणाची? हार्पर ली या अमेरिकन लेखिकेनें १९५७ सालीं लिपिंकट या प्रकाशनसंस्थेकडे एक कादंबरी दिली. न्यूयॉर्कहून आपल्या दक्षिणेकडील गांवीं परत आलेल्या एका तरुणीची ती हकीकत होती; मधून मधून तिच्या बालपणाच्या आठवणी येत. टे होहॉफ या संपादिकेला त्या आठवणींत जीव दिसला. दोन वर्षांहून अधिक काळ पुनःपुन्हां लेखन झालें, आणि १९६० सालीं ‘टु किल अ मॉकिंगबर्ड’ निघाली ती त्या तरुणीची नव्हे, तर तिच्यांतील लहान मुलीची गोष्ट होऊन. पूर्वींचें लेखन ‘गो सेट अ वॉचमन’ या नांवानें २०१५ सालीं छापलें गेलें. गांव तेंच, वडील तेच, लेखिका तीच. पण गोष्ट कोणाची, याचें उत्तर बदलतांच पुस्तक बदललें.

आमच्या स्वतःच्या अनुभवांतील एक हकीकत येथें सांगितल्यावांचून राहवत नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं सातारा जिल्ह्यांतील एक निवृत्त शिक्षक आपलें हस्तलिखित घेऊन स्वतः आमच्याकडे आले. सातशें चाळीस पानें, स्वच्छ वळणदार अक्षर. त्यांचें गांव त्यांच्या लहानपणीं धरणाखालीं गेलें होतें, त्याची ती कादंबरी. पहिल्या १८० पानांत गांवाचा इतिहास, देवस्थानाची कथा आणि घरोघरच्या वंशावळी होत्या. १८३ व्या पानावर घर सोडतांना आई चूल फोडते, आणि तिच्या मातीचें एक ढेंकूळ पदरांत बांधून घेते. नव्या जागीं चूल घालतांना ती माती तिला नव्या मातींत कालवावयाची असते. त्या पानापासून पुढें आम्हांस हस्तलिखित खालीं ठेववेना.

ते पुन्हां भेटले तेव्हां आम्हीं म्हटलें, “गुरुजी, तुमची कादंबरी या पानावर सुरू होते.”

ते बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. मग म्हणाले, “आधींचं सगळं खरं आहे. एक नांव खोटं नाहीं त्यांत.”

“तें खरें आहे म्हणूनच त्याची स्वतंत्र वही व्हावी,” आम्ही म्हणालों. “कादंबरींत त्याच्यामुळें आई दिसेनाशी होते.”

“एकदां धरणानं तीं घरं बुडवलीं,” ते शांतपणें म्हणाले. “आतां दुसऱ्यांदां मीच बुडवूं म्हणतां?”

या प्रश्नाला संपादकापाशीं तयार उत्तर नसतें. पुनर्लेखनाच्या वेळीं जें दुखतें तें हेंच. बाहेरच्यास वाटतें कीं लेखक आपल्या वाक्यांच्या मोहानें काटछाट करीत नाहीं; पुष्कळदां तो माणसांच्या मोहानें करीत नाहीं. आम्ही एवढेंच म्हणालों, कीं वंशावळींची वही नीट जपून ठेवावी, तिची योग्यता कादंबरीहून कमी नाहीं. आणि कादंबरीपुरती आई वाट दाखवील तिकडे जावें. त्या दिवशीं तिला जें दिसलें नसतें, जें आठवलें नसतें, तें घेऊं नये. कबूल कांहीं न करितां ते हस्तलिखित बांधून घेऊन गेले.

दीड वर्षानें ते तीनशें दहा पानें घेऊन आले. नांवें कोठेंच गेलीं नव्हतीं. नव्या वसाहतीकडे जाणाऱ्या ट्रकमध्यें बसलेली आई मागें पाहत एकेका घराचें नांव घेत जाते: या घरची लेक कोठें दिली, त्या घराशीं बांधावरून भांडण होतें, त्या घरानें दुष्काळांत जोंधळे दिले. सारीं तीन पानें. १८० पानांत जीं घरें नुसतीं नोंदलेलीं होतीं, तीं या तीन पानांत नांदूं लागलीं. पुस्तक निघालें. फार खपलें असें नाहीं. पण त्या वसाहतींतील एका वृद्ध बाईनें नातवाकडून पत्र लिहवून विचारलें, कीं सर्वांचीं घरें आलीं, मग आमचेंच कां गाळलें? दुसऱ्या आवृत्तींत घालतों, असें गुरुजींनीं कळविलें. ती आवृत्ति अद्याप निघावयाची आहे.

आतां घरच्या मंडळींस दोन शब्द. लेखकाचे पहिले वाचक आपणच असतां, आणि आपल्या हातून प्रेमानें जें होतें त्यानें त्याचें हित होतेंच असें नाहीं. “छान झाली आहे” हें ऐकून लेखक सुखावतो, पण त्याला पुढें काय करावें हें त्यांतून समजत नाहीं. दोष काढणें जिवावर येत असेल तर काढूं नका. फक्त पेन्सिल हातीं घ्या, आणि जेथें लक्ष उडालें, जेथें मागचें पान पुन्हां उलटावें लागलें, तेथें समासांत एक बारीक रेघ ओढा. कारण सांगण्याची जरूर नाहीं. तीन निरनिराळ्या माणसांच्या रेघा एकाच पानावर पडल्या, तर तें पान लेखकानें मुकाट्यानें पुन्हां लिहावें.

शेवटची दुरुस्ती कानानें करावी. ‘मादाम बोव्हारी’ ही कादंबरी १८५१ पासून सुमारें पांच वर्षें लिहीत असतां फ्लोबेर हा फ्रेंच लेखक आपलीं वाक्यें खोलींत मोठ्यानें म्हणून पाहत असे. आपल्याकडे पोथी मोठ्यानें वाचण्याची चाल होतीच. तीच येथें उपयोगी पडते. संवाद तर मोठ्यानें वाचलेच पाहिजेत. मालवणचा तांडेल, नागपूरची वकीलबाई आणि सात वर्षांचा मुलगा हे तिघेही एकाच प्राध्यापकासारखे बोलत असले, तर डोळ्याला तें चालून जाईल, कानाला चालणार नाहीं.

एवढें झाल्यावर प्रकाशकाला पत्र लिहावें. मराठींत लेखक व प्रकाशक यांच्यामध्यें अडत्या ठेवण्याची चाल रूढ नाहीं. लेखकास स्वतःच लिहावें लागतें. आम्हांस येणारीं पत्रें बहुधा तीन जातींचीं असतात. एकांत लेखक स्वतःला इतका क्षुद्र म्हणवितो, कीं हस्तलिखित उघडण्याचें आमचें धैर्य खचावें. दुसऱ्यांत मराठी कादंबरीला नवें वळण लागल्याची वार्ता असते. तिसऱ्यांत कादंबरीविषयीं सर्व कांहीं असतें, फक्त ती कशाविषयीं आहे तें नसतें. या तिसऱ्या जातीस मोठी परंपरा आहे. १७९७ च्या नोव्हेंबरांत जेन ऑस्टेनच्या वडिलांनीं थॉमस कॅडेल या लंडनच्या प्रकाशकास पत्र लिहून मुलीची कादंबरी देऊं केली. ती तीन भागांची आहे, अमुक एका प्रसिद्ध कादंबरीएवढी लांब आहे, छापण्यास खर्च काय येईल, इतकें त्यांत होतें. गोष्टीविषयीं अक्षर नव्हतें. उलट टपालीं नकार आला. तिचेंच पुढें पुनर्लेखन होऊन १८१३ सालीं ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ प्रसिद्ध झाली, असें अभ्यासक मानतात.

पत्र एका पानाचें असावें. पहिल्या परिच्छेदांत ही गोष्ट कोणाची, त्या व्यक्तीला काय हवें आहे, आड काय येतें, आणि तें न मिळाल्यास तिचें काय जाईल, एवढें सांगावें. हें पांच-सहा वाक्यांत सांगतां येत नसेल, तर दोष पत्राचा नसून बहुधा कादंबरीचा असतो. वहीकडे परत जावें. दुसऱ्या परिच्छेदांत काळ, स्थळ व शब्दसंख्या असावी. तिसऱ्यांत स्वतःविषयीं इतकेंच, कीं ज्याचा पुस्तकाशीं संबंध आहे. सोबत दोन पानांचा सारांश द्यावा व त्यांत शेवट लपवूं नये. संपादकाला उत्कंठेंत ठेवून कांहीं साधत नाहीं. नमुना म्हणून पहिलीं तीन प्रकरणें पाठवावींत, निवडक नव्हेत. वाचक पुस्तक पहिल्या पानापासूनच उघडतो. पानांस क्रमांक घालावेत. मजकूर युनिकोड अक्षरांत असावा, नाहीं तर आमच्या संगणकावर कादंबरीच्या जागीं चिन्हांचें जंगल उगवतें. ज्या प्रकाशकाकडे पाठवावयाचें त्याचीं चार पुस्तकें आधीं वाचलेलीं असावींत. उत्तरास कांहीं महिने लागतात. मध्यंतरीं एकदां सौम्यपणें विचारणा करण्यास हरकत नाहीं. स्वीकार झाला तर करार लेखी करावा. १९५७ च्या आपल्या कायद्याप्रमाणें ग्रंथाच्या हक्कांचें हस्तांतर लेखी असावें लागतें, आणि त्यांत मुदत लिहिली नसेल तर ती पांच वर्षें धरिली जाते. सही करण्यापूर्वीं एवढें ध्यानांत असावें.

कोणी म्हणेल, भालचंद्र नेमाडे यांची १९६३ सालची ‘कोसला’ तर अवघ्या कांहीं दिवसांत लिहून झाली. खरें आहे. परंतु जें कागदावर दिवसांत उतरतें तें मनांत किती वर्षें घोळत होतें, याचा हिशेब दिवसांत होत नाहीं. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो’ ही १८९० पासून ‘करमणूक’ पत्रांत क्रमशः येऊं लागली. छापून गेलेलें प्रकरण वाचकांच्या घरांतून परत आणण्याची सोय त्यांना नव्हती. ती सोय आजच्या होतकरू लेखकास आहे, आणि तिचें मोल त्याला कळत नाहीं.

हें सर्व करूनही हस्तलिखित परत येऊं शकतें. प्रकाशकाचें भांडवल संपलेलें असतें, तसेंच पुस्तक त्यानें नुकतें काढलेलें असतें, किंवा वाचणाऱ्याची रुचि निराळी असते. ऑस्टेनची आणखी एक कादंबरी १८०३ सालीं दहा पौंडांस विकत घेऊन प्रकाशकानें छापलीच नाहीं. १८१६ सालीं ती परत विकत घ्यावी लागली, आणि निघाली ती लेखिकेच्या मृत्यूनंतर. नकारांत कारण दिलें असेल तर तें आठ दिवसांनीं पुन्हां वाचावें; कारण दिलें नसेल तर उगाच तर्क करूं नये आणि दुसरीकडे पाठवावें. आम्हां संपादकांचेंही एक कर्तव्य येथें आहे: जेथें जीव दिसला तें पान कोणतें, हें तरी लेखकास कळवावें. तेवढें एक वाक्य लिहावयास फार वेळ लागत नाहीं.

होतकरू लेखकास आमचें सांगणें इतकेंच, कीं पहिला खर्डा आमच्याकडे येण्यापूर्वीं त्यानें तो एकदां स्वतःच स्वतःला परत करावा. आणि परत करावयाचा तो साभारच, कारण आपली गोष्ट कोणाची आहे हें त्याला त्या खर्ड्यानेंच दाखविलेलें असतें.